संकर, जात आणि वाण : परसातील कोंबडीच्या सुधारणेचा एक विचार

१. प्रास्ताविक

परसातील कोंबडीकडून गृहस्थाची अपेक्षा दुहेरी असते. ती काटक असावी. म्हणजे ऊन, पाऊस, घार, मुंगूस आणि तुटपुंजा दाणा यांना तोंड देऊन टिकावी. शिवाय ती फलदायी असावी. म्हणजे वर्षाकाठी पुरेशी अंडी द्यावीत आणि तिची नर-पिले लवकर वजनावर यावीत. या दोन अपेक्षा एका पक्ष्यात सहसा एकत्र नांदत नाहीत. गावठी कोंबडी काटक खरी. परंतु ती वर्षाला साधारणतः ५० ते ८० अंडी देते, आणि तीही लहान. उलट, व्यापारी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला ३०० च्या वर अंडी देते; परंतु त्यासाठी तिला बंदिस्त घर, समतोल खाद्य आणि वेळच्या वेळी औषधोपचार लागतात. तिला उकिरड्यावर सोडले तर ती ३०० अंडी तर देत नाहीच, पण बहुधा वर्षभर जगतही नाही.

या दोहोंचा संगम घडवून आणण्याचा प्रयत्न म्हणजे संकर. हा विषय क्षुल्लक नव्हे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत भारतातील एकूण कुक्कुटसंख्या सुमारे ८५ कोटी १८ लक्ष भरली. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लक्ष पक्षी परसातील होते, आणि ही परसातील संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली होती. परसातली कोंबडी ही पुष्कळ घरांत स्त्रीच्या हातची मिळकत असते. मिठामिरचीचा, वहीपेन्सिलीचा आणि आजारपणाचा खर्च तिच्यावर भागतो. म्हणून तिच्या सुधारणेची योजना फसली, तर ते नुकसान थेट चुलीपर्यंत पोहोचते.

अशा योजना पुष्कळदा फसतात, आणि त्यांच्या फसण्याचे एक कारण भाषिक आहे. शब्द आणि वस्तू यांचा अभ्यास एकत्र करावा, ही भाषाविज्ञानातील एक जुनी भूमिका आहे. येथे तिचा उपयोग पुढील मर्यादित अर्थाने केला आहे : ‘संकर’ या शब्दाने जी वस्तू सांगितली जाते, तिला व्यवहारात ‘जात’ समजले जाते, आणि या गैरसमजाची किंमत दुसऱ्या पिढीत मोजावी लागते.

२. तीन शब्द

‘जात’ हा शब्द संस्कृत ‘जाति’ यावरून आला. मूळ धातू ‘जन्’, म्हणजे जन्मणे. पशुपालनात जात म्हणजे असा समूह, की ज्यातील नर-मादीची संतती आईबापांसारखीच निपजते. ऱ्होड आयलंड रेड या जातीच्या जोडप्याची पिले मोठी झाल्यावर तांबूसच होणार, त्यांच्या माद्या तपकिरी अंडीच देणार, हे आधी सांगता येते. जातीचे मर्म या पुनरावृत्तीत आहे.

‘वाण’ हा शब्द संस्कृत ‘वर्ण’ यापासून आला. त्याचा मूळ अर्थ रंग. त्यावरून प्रकार, नमुना, बियाण्याचा भेद हे अर्थ आले. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत ‘वाण’ म्हणजे रंगच होय. म्हणीने रंग आणि गुण यांची फारकत केलेली आहे, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण कोंबड्यांच्या संकरात हीच फारकत वेगळ्या रीतीने पुढे येते.

‘संकर’ म्हणजे मिश्रण. या शब्दाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘वर्णसंकर’ हा शब्द अनर्थाचे नाव म्हणून येतो, आणि धर्मशास्त्रीय परंपरेतही त्याला निंदेचा वास आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र शेतीने या शब्दाची प्रतिष्ठा पालटली. १९६४ साली सी. एस्. एच्. १ ही संकरित ज्वारी भारतात प्रसृत झाली; पुढे संकरित कापूस, संकरित गाय, संकरित कोंबडी असे प्रयोग मराठीत रूढ झाले, आणि ‘संकरित’ हे विशेषण भरघोस उत्पन्नाचे द्योतक ठरले. त्याच वेळी ‘गावठी’ हे विशेषण मागासलेपणाचे वाचक झाले. पुढे बाजाराने हा क्रम पुन्हा उलटविला. गावठी वा गावरान म्हणून विकले जाणारे अंडे आज अधिक भावाने जाते. ग्राहक ते बहुधा कवचाच्या रंगावरून ओळखू पाहतो. परंतु कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. कोंबडी मोकळी चरली की पिंजऱ्यात वाढली, हे त्यावरून कळत नाही.

ज्वारीच्या बाबतीत शेतकऱ्याने संकराचा एक नियम नीट आत्मसात केला. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. घरच्या कणसातले दाणे राखून पेरले तर पीक उणे येते आणि ताटे सारखी उंच वाढत नाहीत. कोंबडीच्या बाबतीत हा नियम तितकासा ध्यानात घेतला जात नाही. त्याचे कारण उघड आहे. बियाणे पिशवीतून येते, ते संपते. कोंबडी मात्र अंगणात राहते, कोंबडा तिच्याबरोबर असतो, अंडी फळतात, पिले निघतात. आपल्या घरी आता ‘ती जात’ आली, असे गृहस्थाला साहजिकच वाटते.

३. जातींचे मूळही संकरात

जात आणि संकर यांत भेद केला म्हणून जात ही अनादी आणि शुद्ध असते, असे मात्र समजू नये. सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांतील व वनस्पतींतील परिवर्तनावरील आपल्या ग्रंथात हा निष्कर्ष मांडला होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने तो दृढ केला, आणि माणसाळविण्याचे मुख्य क्षेत्र नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यात असावे असे दाखविले. तथापि हा एकच पूर्वज नव्हे. कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ साली निदर्शनास आले. हा करडा रानकोंबडा दक्षिण व पश्चिम भारताच्या रानांत, सह्याद्रीतही, आढळतो. म्हणजे जगातील असंख्य खुराड्यांतल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या या एका प्राचीन संकराची खूण अंगावर वागवीत आहेत.

आधुनिक जातींची कथाही अशीच आहे. ऱ्होड आयलंड रेड ही जात अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड व मॅसॅच्युसेट्स या भागांत एकोणिसाव्या शतकात घडली. तेथील शेतकऱ्यांनी बंदरांत उतरलेले मलाय व शांघाय वळणाचे तांबडे कोंबडे गावच्या कोंबड्यांवर सोडले, आणि तांबूस, दणकट, हिवाळ्यातही अंडी देणारी पिले पिढ्यानुपिढ्या निवडून राखली. या जातीला प्रमाणित जात म्हणून अमेरिकेत १९०४ साली मान्यता मिळाली. म्हणजे संकरापासून जातीपर्यंतचा प्रवास अनेक दशकांचा, अनेक शेतांचा आणि कठोर निवडीचा होता.

असील कोंबडीचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे. ‘असील’ हा अरबी शब्द. अर्थ मूळचा, कुलीन, शुद्ध वंशाचा. मराठीतील ‘अस्सल’ हा शब्द त्याच धातुकुळातला. झुंजीसाठी प्रसिद्ध असलेला, उंच, भरीव छातीचा हा पक्षी आंध्र, छत्तीसगड, ओडिशा या प्रदेशांत पूर्वापार पाळला जातो. नावानेच शुद्ध असलेला हा पक्षी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गेला, आणि तेथे कॉर्नवॉल परगण्यात इंग्लिश झुंजार जातींशी त्याचा संकर होऊन कॉर्निश ही जात निपजली. आज जगभर मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या पितृवंशात ही कॉर्निश जात आहे. पुढे हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयात परसासाठी ‘वनराजा’ तयार झाला, तेव्हा त्याच्या नर-वंशासाठी तांबड्या कॉर्निशचाच आधार घेण्यात आला. असीलचे रक्त अशा रीतीने सातासमुद्रापलीकडून फेरा घेऊन परत आले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. संकर हा जातीचा शत्रू नसून तिचा आरंभ असू शकतो. पण आरंभ म्हणजे परिणती नव्हे.

४. पहिल्या पिढीचा जोम

दोन भिन्न वंशांच्या मीलनातून आलेली पहिली पिढी आईबापांच्या सरासरीपेक्षा सरस निघते, या अनुभवाला संकरज ओज म्हणतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती पिलाला मिळतात. एक बापाकडून, एक आईकडून. एका वंशात जी दुबळी प्रत साचलेली असते, तिच्यावर दुसऱ्या वंशाची सबळ प्रत पांघरूण घालते. म्हणून वंश जितके दूरचे, तितके ओज अधिक.

हे ओज सर्व गुणांत सारखे प्रकट होत नाही. शरीराचे वजन आईबापांकडून बऱ्याच प्रमाणात थेट उतरते. त्यात संकराचा वाढावा थोडा. उलट पिलांचे जगणे, अंड्यांची फलनक्षमता व उबवणीतील यश, अंड्यांची संख्या हे गुण वंशपरंपरेने क्षीणपणे उतरतात आणि संकराने मात्र ठळकपणे सुधारतात. परसाला नेमके हेच गुण हवे असतात.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित हिशोब मांडता येईल. समजा, एका परसात गावठी कोंबडी वर्षाला ६० अंडी देते. त्याच परसात, त्याच दाण्यावर, ऱ्होड आयलंड रेड १०० देते. दोहोंची सरासरी ८०. त्यांच्या संकरित तलंगा अंड्यावर आल्यावर ९६ देतात असे धरू. येथे ओजाचा वाढावा १६ अंड्यांचा. आता जगण्याचा हिशोब जोडावा. १० गावठी तलंगांपैकी ९ टिकल्या, १० ऱ्होड आयलंड रेडपैकी ५ टिकल्या आणि १० संकरित तलंगांपैकी ८ टिकल्या, तर वर्षअखेर अनुक्रमे ५४०, ५०० आणि ७६८ अंडी हाती येतील. एकेका कोंबडीच्या अंड्यांत संकरित पक्षी शुद्ध जातीच्या किंचित मागेच आहे; परंतु परसाच्या हिशोबात तो दोघांच्याही पुढे जातो. परसातील उत्पन्न म्हणजे अंड्यांची संख्या गुणिले जगलेल्या कोंबड्या. हा गुणाकार विसरल्यामुळेच परदेशी कोंबडे वाटण्याच्या योजनांत केवळ मोठ्या आकड्यांचा मोह पडतो.

आता या संकरित तलंगांना संकरितच कोंबडा दिला, तर पुढच्या पिढीचे काय होईल? त्या पिढीत सुमारे निम्म्या जनुकस्थानी दोन्ही प्रती पुन्हा एकाच वंशाच्या येतात. पांघरूण निम्मे गळून पडते. म्हणून ओजाचा वाढावा निम्म्यावर येतो : १६ च्या ठिकाणी ८, म्हणजे कोंबडीमागे ८८ अंडी. त्यापुढील पिढ्यांत, कळप मोठा असेल तर, ही घट तत्त्वतः तेथेच थांबते. पण १० कोंबड्या व एक कोंबडा असलेल्या परसात भाऊ-बहीण, बाप-लेक यांचे संबंध टळत नाहीत, आणि रक्ताच्या नात्यातील पैदाशीमुळे उरलेले ओजही हळूहळू झडते.

सरासरी घटते, एवढेच नव्हे; एकसारखेपणाही मोडतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये बेटसन व पनेट यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवर केलेले प्रयोग हे दृश्य रूपात दाखवितात. गुलाबाच्या आकाराचा चपटा तुरा आणि वाटाण्यासारखा लहान तुरा अशा दोन जातींचा संकर केला असता पहिल्या पिढीतील सर्व पक्ष्यांना अक्रोडासारखा तिसराच तुरा आला. सर्व सारखे, पाहणाऱ्याला एक नवी जातच वाटावी. परंतु या अक्रोडी तुऱ्याच्या पक्ष्यांची आपसांत पैदास करताच पुढच्या पिढीत दर १६ मागे ९ अक्रोडी, ३ गुलाबी, ३ वाटाणी आणि १ साधा एकेरी तुरा, असे प्रमाण पडले. हा एकेरी तुरा प्रयोगातल्या आईबापांना नव्हता आणि आजा-आजीलाही नव्हता. पहिल्या पिढीची एकरूपता हे जातीचे लक्षण नव्हे, याचा याहून सोपा दाखला मिळणार नाही. तुऱ्यामागे अवघ्या दोन जनुकांचा खेळ आहे. अंड्यांची संख्या, चपळाई, रोगप्रतिकार यांमागे शेकडो जनुके असतात. तेथे विस्कटणे किती व्हावे, याची कल्पना सहज करता येते.

येथे वर उल्लेखिलेली म्हण आठवते, पण उलट्या क्रमाने. दुसऱ्या पिढीत तांबूस पिसांचा, उंच, देखणा एखादा कोंबडा निघतो. तो ‘जातिवंत’ म्हणून पैदाशीला राखला जातो. मूळ कोंबड्याचा वाण त्याला लागलेला असतो. गुण लागलेला असतोच असे नाही.

५. नावांचा मोह

गेल्या काही दशकांत परसासाठी जे संकरित पक्षी तयार झाले, त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘गिरिराज’. हैदराबादच्या संस्थेचे ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’. उत्तर प्रदेशात इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेचे ‘निर्भीक’ व ‘श्यामा’. ‘निर्भीक’ हा असीलचा संकर. ‘श्यामा’ ही कडकनाथची संकरज. कडकनाथ हा मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा पक्षी; त्याचे मांसही काळे असल्यामुळे त्याला ‘काली मासी’ असेही म्हणतात, आणि २०१८ साली त्याला भौगोलिक उपदर्शन मिळाले.

ही नावे बहुतेक तत्सम, आणि ‘गिरिराज’, ‘वनराजा’ ही तर राजेशाही सामासिक नावे आहेत. व्याकरणदृष्ट्या ‘गिरिराज’ हे रूप पाणिनीय वळणाचे. ‘वनराजा’ मात्र आधुनिक भाषांच्या वळणाचे, कारण संस्कृत तत्पुरुषात अंती ‘राज’ असे रूप होते. ‘ग्रामप्रिया’ हे स्त्रीलिंगी नाव मुख्यतः अंड्यांसाठी राखलेल्या पक्ष्याला मिळाले, आणि मांस व अंडी अशा दोन्ही उपयोगांच्या पक्ष्याला पुंलिंगी ‘वनराजा’ हे नाव मिळाले; यातही नाव ठेवणाऱ्यांची दृष्टी दिसते.

येथे महत्त्वाचा मुद्दा अर्थाचा आहे. लेगहॉर्न हे नाव इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून आले, ऱ्होड आयलंड रेड हे अमेरिकेतील राज्यावरून. ही जातींची नावे. ‘वनराजा’ हेही त्यांच्याच पंक्तीतले विशेषनाम वाटते. वस्तुतः ते एका मीलनाचे नाव आहे. संस्थेच्या प्रक्षेत्रावर दोन निराळे वंश स्वतंत्रपणे राखले जातात, आणि त्यांच्या मीलनातून निघालेल्या पिलांना हे नाव दिले जाते. त्या पिलांची पिले ‘वनराजा’ नव्हेत. त्यांना नावच नाही. भाषेत अनामिक असलेली ही संतती व्यवहारात आईबापांच्या नावावर विकली जाते, आणि मग ‘वाण बिघडला’ अशी तक्रार होते. वाण बिघडलेला नसतो. तो स्थिर झालेलाच नव्हता.

बांगलादेशातील ‘सोनाली’ हे असेच उदाहरण. ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि इजिप्तमधील फय्यूम प्रांताची लहान, चपळ व उष्णतेला सरावलेली फय्यूमी कोंबडी यांचा हा संकर. दिसण्यात तो देशी पक्ष्याच्या जवळचा असल्यामुळे बाजारात रुजला. परंतु खरी सोनाली मिळत राहावी, तर कोणीतरी ऱ्होड आयलंड रेड आणि फय्यूमी हे दोन्ही वंश शुद्ध राखलेच पाहिजेत. शुद्ध वंश राखण्याच्या कष्टावरच संकराचे यश उभे असते.

६. खुडूक कोंबडीचा प्रश्न

परसातील पैदाशीत आणखी एक अडचण आहे. अंडी घालणे थांबवून त्यांवर बसू पाहणाऱ्या कोंबडीला मराठीत ‘खुडूक’ म्हणतात. व्यापारी दृष्टीने खुडूकपणा हा दोष आहे, कारण बसलेली कोंबडी २१ दिवस उबवणीत आणि पुढचे काही आठवडे पिलांमागे घालविते. तेवढा काळ अंडी बंद. लेगहॉर्नसारख्या जातीतून हा स्वभाव निवडीने जवळजवळ नाहीसा केलेला आहे. गावठी कोंबडीची अंडी कमी असण्याचे एक कारण हेच, की ती १२-१५ अंड्यांचा एक पाळा झाला की बसते.

परंतु ज्या घरी उबवणीयंत्र नाही, तेथे खुडूक कोंबडी हेच यंत्र होय. आणि पिलांना ऊब देणारी, दाणा शोधावयास शिकविणारी व घारीची सावली दिसताच हाक देणारी दाईही तीच. अंडी वाढविण्याच्या नादात खुडूकपणा घालविला, तर दरवर्षी पिले विकत घेणे अपरिहार्य होते.

डार्विनने या संदर्भात एक नोंद केली आहे. न बसणाऱ्या दोन निरनिराळ्या जातींचा संकर केला असता संततीत बसण्याची प्रवृत्ती पुन्हा प्रकट झालेली आढळते. म्हणजे लुप्त वाटणारा हा गुण काही जातींत समूळ नष्ट झालेला नसून दबलेला असतो. तथापि गृहस्थाने यावर विसंबणे योग्य नव्हे. परसासाठी तयार केलेल्या अधिक अंड्यांच्या संकरांत खुडूकपणा गावठी कोंबडीपेक्षा पुष्कळच कमी असतो.

७. परसासाठी योजना

वरील विवेचनावरून गृहस्थापुढे चार मार्ग दिसतात. पहिला, संस्थेकडून दर एक-दोन वर्षांनी पहिल्या पिढीची पिले आणणे. हा सोपा आहे. त्यात कोंबडी हे बियाणे समजले जाते. दुसरा, घरीच पहिली पिढी काढणे. तिसरा, आळीपाळीने कोंबडा बदलणे. चौथा, दर पिढीला सुधारित जातीचाच कोंबडा देत जाणे.

चौथा मार्ग आकर्षक वाटतो आणि तोच सर्वांत फसवा आहे. सुधारित रक्ताचे प्रमाण १/२, ३/४, ७/८ असे चढत जाते. पाचव्या पिढीपर्यंत कळप जवळजवळ शुद्ध सुधारित जातीचा होतो. तेव्हा ओज संपलेले असते, खुडूकपणा गेलेला असतो, आणि ज्या गावठी काटकपणावर सारी इमारत उभी होती तो नाहीसा झालेला असतो. परसाचा उकिरडा मात्र तेवढाच राहतो. मोठ्या अंगाच्या पक्ष्याला तो पुरत नाही.

तिसरा मार्ग मध्यम आहे. एका पिढीत ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा, पुढच्या पिढीत चांगला गावठी कोंबडा, असा क्रम चालू ठेवला तर अखेरीस ओजाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग टिकतो. तीन वंशांचे कोंबडे आळीपाळीने वापरले तर सहा-सप्तमांश टिकतो. तिसरा वंश म्हणून असीलचा विचार करता येईल. मात्र त्याची अंडी फार कमी आणि स्वभाव भांडखोर, हे लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग कष्टाचा पण स्वावलंबनाचा आहे. त्याची पद्धत अशी :

(अ) बसण्याचा व पिले सांभाळण्याचा गुण सिद्ध झालेल्या ८-१० गावठी कोंबड्या राखाव्यात. त्यांवर सुधारित जातीचा एक तरुण, फार जड नसलेला कोंबडा सोडावा. भारी कोंबड्याने लहान कोंबडीला इजा होते.

(आ) जुना कोंबडा काढल्यावर निदान तीन आठवड्यांपर्यंतची अंडी पैदाशीला घेऊ नयेत. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे जिवंत साठून राहते. तोवरच्या पिलांचा बाप निश्चित सांगता येत नाही.

(इ) शेजारचे कोंबडे कुंपण मानीत नाहीत. म्हणून एका घराने एकट्याने केलेला संकर बहुधा अनिश्चित राहतो. वाडीतील सर्व घरांनी मिळून कोंबडे बदलले तरच योजना तडीस जाते.

(ई) निघालेल्या संकरित माद्या अंड्यांसाठी ठेवाव्यात, संकरित नर मांसासाठी काढावेत. त्यांना पैदाशीला ठेवू नये. गावठी कोंबड्यांची स्वतःची परंपरा चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा काही कोंबड्यांना वेगळे ठेवून दुसऱ्या गावचा गावठी कोंबडा द्यावा.

(उ) रंगाचा विचार सौंदर्यासाठी करू नये, संरक्षणासाठी करावा. पांढरा पक्षी घारीला दुरून दिसतो. तपकिरी, ठिपकेदार पक्षी पाचोळ्यात मिसळून जातो. उष्ण प्रदेशात उघड्या मानेचे पक्षी उपयोगी ठरतात, कारण त्या एका जनुकामुळे अंगावरील पिसेही विरळ होतात व उष्णता बाहेर पडते. हा गुण बापाकडून एकच प्रत आली तरी प्रकट होतो.

नर-मादी ओळखण्याची एक सोयही संकरातून साधते. पक्ष्यांत अपत्याचे लिंग मादीकडून ठरते, आणि पिसांवर आडवे पट्टे आणणारे जनुक लिंगगुणसूत्रावर असते. म्हणून पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडीला ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा दिला असता काळ्या पिलांपैकी नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, माद्यांच्या नसतो. पहिल्याच दिवशी भेद कळतो. हीच जोडी उलट लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी घेतला, तर ही खूण मिळत नाही. संकरात कोणता वंश बापाचा व कोणता आईचा, हा प्रश्न गौण नाही.

शेवटी काटकपणाविषयी एक इशारा आवश्यक आहे. काटक म्हणजे अभेद्य नव्हे. राणीखेत रोग, ज्याला बोलीत मानमोडी म्हणतात, गावठी व संकरित असा भेद करीत नाही. एका साथीत सारे खुराडे रिकामे होते. पहिल्या आठवड्यात लासोटा व पुढे आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस पशुवैद्याच्या सल्ल्याने दिल्यावाचून संकराचा कोणताही हिशोब खरा ठरत नाही. रात्री बंद होणारे खुराडे, स्वच्छ पाणी आणि संध्याकाळी मूठभर दाणा यांची जोडही हवी.

८. समारोप

तात्पर्य, संकर ही घटना आहे. जात ही परंपरा आहे. घटनेचे फळ पहिल्या पिढीत मिळते. ते पुन्हा हवे असेल तर घटनाच पुन्हा घडवावी लागते. त्यासाठी दोन्ही मूळ वंश जिवंत राहिले पाहिजेत. सुधारित वंश शासकीय प्रक्षेत्रांवर आणि संशोधनसंस्थांत राखले जातात. गावठी वंश मात्र कोणत्याही एका संस्थेच्या हाती नाही. तो गावोगावच्या परसांत, तेथल्या स्त्रियांच्या निवडीवर जगत आला आहे. कोणत्या कोंबडीने दहा पिले घारीपासून वाचविली, कोणती उन्हाळ्यातही घालीत राहिली, कोणत्या कोंबडीखाली अंडी वाया गेली नाहीत, याचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे, आणि ते शब्दांतही साठले आहे. तलंग, खुडूक, पाळा हे शब्द म्हणजे निवडीची परिभाषाच होय.

‘संकरित’ या शब्दाच्या तेजात ‘गावठी’ हा शब्द फिका पडू दिला, तर संकराचीच एक बाजू नाहीशी होईल. संकरासाठी दोन पक्ष लागतात; त्यांपैकी परसातल्या पक्षाला पर्याय नाही.